पोथी, पाठ आणि संगणक



समजा, डिचोली तालुक्यात मांडवीकाठच्या आमोण्यातील एखाद्या घरात माळ्यावर 'परमरहस्य' ग्रंथाची हस्तलिखित पोथी सापडली. पावसाळी ओलीने पाने चिकटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. वाचता येत नाही आणि टाकवतही नाही. अशा वेळी घरात एकच विचार निघतो : श्रद्धेने नदीत सोडावी. भाव चांगला, पण त्या पोथीतला एखादा शब्द अन्य कोणत्याच प्रतीत नसेल, तर तो कायमचा बुडाला. म्हणून या पाठात पोथी-रक्षणाचा विचार करू.

वचने आपल्यापर्यंत अशाच जपणुकीने आली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (1880-1964) यांनी घरोघरी, मठोमठी फिरून ताडपत्रे मिळवली आणि 1923 साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. पुढे 1993 साली प्रा. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली कर्नाटक शासनाने समग्र वचनांचे 15 खंड काढले. त्यानंतर लेखक वसुधेंद्र, अभ्यासक ओ. एल. नागभूषण स्वामी आणि संगणकतज्ज्ञ ओंशिवप्रकाश यांनी 'वचन संचय' उभारला. जुन्या टंकातील कन्नड मजकूर युनिकोडमध्ये आणल्यामुळे आज घरबसल्या मोबाईलवर एखादा शब्द कोणत्या शरणांनी कोठे वापरला, हे क्षणात पाहता येते. जे शोधण्यास पूर्वी महिने लागत, ते काम आता सोपे झाले.

पण संगणक शोधून देतो, समजावून देत नाही. मराठी भाषांतरांत 'काय' एवढीच अक्षरे शोधून पाहा. 'काय' म्हणजे देह, 'काय?' हा प्रश्न आणि 'कायक' हे तत्त्व, तिन्ही एकाच रांगेत उभे राहतील. उलट 'देह' शोधाल तर 'काया' सुटून जाईल. अंकिताचेही तसेच. 'कूडलसंगमदेव' ही बसवण्णांची, 'गुहेश्वर' ही अल्लमप्रभूंची मुद्रा; पण मुद्रा दिसली म्हणून वचन त्यांचेच, असे यंत्राने ठरवावयाचे नाही. मागून कोणी तीच मुद्रा घालून रचना केली असेल, तर भाषा, विचार आणि जुन्या प्रतींची साक्ष पाहून संपादकच निर्णय करतो.

हस्तलिखितात लेखकूची चूकही असते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत होते. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने झाला, की डोळा खालच्या ओळीवर घसरतो आणि मधली ओळ गळते. तीन प्रती अक्षरशः उतरवून संगणकात शेजारी-शेजारी लावल्या, की फरकाची जागा लगेच उठून दिसते. मात्र उतरवताना 'हे अशुद्ध आहे' म्हणून सुधारू नये. जे दिसते तेच लिहावे. आपले मत वेगळे नोंदवावे. आपल्याला रुचेल तो शब्द शरणांच्या मुखी घालणे ही सेवा नव्हे.

तेव्हा जुनी पोथी मिळाल्यास असे करावे. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. ते काम जाणकारावर सोपवावे. सुटी पाने उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर ठेवावीत. प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी, पूर्ण कडा दिसेल अशी, क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. शेवटचे पान विसरू नये. लेखकूचे नाव, गाव, शक बहुधा तेथेच असतो. पोथी कोणत्या घरात मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण मोबाईलही एक दिवस बिघडतो.

आणि छायाचित्रे घेतली म्हणून मूळ पोथी नदीत सोडू नये. शाई, कागद, दोन ओळींमध्ये मागाहून घातलेले अक्षर यांची खरी परीक्षा मूळ पानावरच होते.

स्वाध्याय : आपल्या घरातील एका जुन्या पोथीचे शेवटचे पान वाचून, जसे आहे तसे वहीत उतरवा.