मृत्युपत्र आणि वारसनोंद

विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी ज्याला वसीयत म्हणता, त्याला मराठीत मृत्युपत्र म्हणतात. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत भातशेतीचा सातबारा पुष्कळदा वारलेल्या आजोबांच्याच नावावर राहतो. खरे तर १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्यांना कळवायचे असते. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काहीजण कळवतात, पण बहिणीचे नाव नेमके गाळतात! शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. अशा वेळी मोबदला देताना सातबारा पाहतात; मग भांडण सुरू होते. म्हणून वकीलसाहेब आधी वंशावळ विचारतात. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा असतो. शिवाय कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने द्यायचे, तर वारसांची संमती लागते. तुमच्या सातबाऱ्यावर फुफीचे, म्हणजे आत्याचे, नाव आहे का? घरी विचारा.