पद्मिनीच्या मडगार्डचा पोचा

प्रश्न : वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या मडगार्डला पोचा आला आहे. गॅरेजवाले लांबी भरून देतो म्हणतात. भरू का?

उत्तर : नुसती लांबी भरू नका. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचा पत्रा पोलादी आहे. ठोकून तो पुन्हा आकारात येतो. आधी मडगार्डच्या आतला चिखल आणि गंज काढा. मग आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, टेकवून बाहेरून हलक्या हातोडीने कडेकडून मध्याकडे सरकत जा. जोरात ठोकल्यास पत्रा ताणून फुगतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. लांबी शेवटी, तीही २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर पुढे तडकतो. घाई करू नका. मूळ पत्रा वाचला, तर वडिलांची गाडी वाचली.