वेळीच थांबणे हीही तयारीच
(इयत्ता पाचवी ते सातवी : सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

अवकाशयानाविषयीचा पाठ आपण बहुधा उड्डाणापासून सुरू करतो. ज्वाळा, धूर, टाळ्यांचा कडकडाट आणि शेवटी तारीख. मुले ती तारीख पाठ करतात व पाठ संपतो. प्रस्तुत टिपणात, जे उड्डाण ठरल्या वेळी झालेच नाही, त्यापासून पाठास प्रारंभ करावा, असे सुचविले आहे.

या पाठाची कल्पना सुचली ती मलकापूर परिसरातील एका वर्गात. गुणाकाराचे उदाहरण फळ्यावर सोडवीत असलेला एक मुलगा मध्येच थांबला, त्याने फडके उचलले व अर्धे गणित तो पुसू लागला. "का रे थांबलास?" असे प्रस्तुत लेखकाने काहीशा त्रासिक स्वरात विचारले. "गुरुजी, हातचा मिळवायचा राहिला," तो म्हणाला. वर्ग हसला. त्या हसण्यास आपलाच स्वर कारणीभूत झाला, हे लेखकाच्या ध्यानात आले ते घरी परतल्यावर. तो मुलगा पुढे कित्येक दिवस फळ्याकडे येण्यास धजेना. वस्तुतः त्या तासात वर्गातील सर्वांत चांगले काम त्यानेच केले होते. आपली चूक त्याने स्वतः ओळखली होती आणि उत्तर लिहिण्यापूर्वी ती सुधारली होती.

पाठाचे हेतू

१. अवजड अग्निबाणाची रचना व त्याची उड्डाणपूर्व तयारी यांची स्थूल ओळख करून देणे.
२. वेळेची वजाबाकी, वजने व शेकडेवारी यांचा प्रत्यक्ष उपयोग दाखविणे.
३. दोष दिसताच थांबणे ही नामुष्की नसून जबाबदारी आहे, ही वृत्ती मुलांत रुजविणे.

साहित्य : लांब दोरी, मीटरपट्टी, फक्की, भिंतीवरील घड्याळ, भारताचा नकाशा.

प्रस्तावना

मुलांच्या परिचयाच्या प्रसंगापासून आरंभ करावा. मलकापूरहून रत्नागिरीस जाणारी एस. टी. आंबा घाट उतरते. ब्रेकमध्ये काही दोष असावा, अशी शंका ड्रायव्हरला आली, तर त्याने गाडी कोठे थांबवावी? घाटमाथ्यावर आंबा गावात, की घाटाच्या मध्यावर? मुले एकमुखाने उत्तर देतील. मग पुढचा प्रश्न करावा : गाडीत लग्नाचे वऱ्हाड आहे, मुहूर्त जवळ आला आहे, उतारू घाई करीत आहेत, तरीही थांबावे काय? येथे वर्गात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत व लगेच निर्णय देऊ नये.

हेतुकथन : "आज आपण घाटमाथ्यावर थांबलेल्या एका अग्निबाणाची हकीकत पाहू."

विषय-निरूपण

(अ) अग्निबाण केवढा होता?

चांद्रयान-२ हे यान चंद्राकडे धाडण्यासाठी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, आपला सर्वांत शक्तिशाली प्रक्षेपक निवडला होता. त्याचे नाव जीएसएलव्ही मार्क-३. पुढे तो एलव्हीएम-३ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची उंची सुमारे ४३.५ मीटर व उड्डाणसमयीचे वजन सुमारे ६४० टन. हे आकडे नुसते सांगून उपयोग नाही. मुलांना मैदानावर न्यावे व ४३.५ मीटर लांबीची दोरी अंथरावी. ती दोरी उभी केल्यास केवढी होईल, याची कल्पना शाळेच्या छपराशी तुलना करून द्यावी. नंतर दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखावे. अग्निबाणाच्या मधल्या खांबाचा व्यास एवढा, म्हणजे चार मीटर असतो. पाऊस असल्यास व्हरांड्यात निदान वर्तुळ तरी आखावे.

या प्रक्षेपकाचे तीन टप्पे आहेत. दोन्ही अंगांस घनरूप इंधनाचे दोन खंड असून प्रत्येकात सुमारे २०५ टन इंधन असते. मधल्या खांबात सुमारे ११५ टन द्रव इंधन असते. त्याच्या वर शीतटप्पा असून त्यात द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन मिळून सुमारे २८ टन भरतात. हायड्रोजन द्रवरूपात ठेवण्यास उणे २५३ अंश, तर ऑक्सिजन द्रवरूपात ठेवण्यास उणे १८३ अंश सेल्सियस इतके थंड तापमान लागते. ही द्रव्ये टाकीत फार आधीपासून भरून ठेवता येत नाहीत, कारण बाहेरच्या उष्णतेने त्यांची सतत वाफ होत राहते. म्हणून ती अखेरच्या काही तासांतच भरतात. एवढा खटाटोप ज्या यानासाठी, त्या चांद्रयान-२ चे वजन मात्र ३,८५० किलो, म्हणजे चार टनांहूनही कमी होते.

येथे महाराष्ट्राचा वाटा अवश्य सांगावा. घनइंधन खंडांची पोलादी कवचे घडविण्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा हातभार लागला आहे. साखर कारखान्यांच्या यंत्रांमुळे हे नाव आपल्या भागात परिचित आहेच. द्रव इंधनाची इंजिने मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडली. तसेच प्रक्षेपणासाठी थुंबा व श्रीहरिकोटा या जागांची निवड करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा जन्म कोल्हापूरचा. श्रीहरिकोटा हे बेट नकाशावर आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, चेन्नईच्या उत्तरेस दाखवावे.

(आ) पेटल्यावर थांबता येत नाही

पाठाचा गाभा येथे आहे. स्टोव्ह व दिवाळीतील बाण यांतील फरक मुलांना विचारावा. स्टोव्हची ज्योत कमी करता येते, विझविताही येते. बाणाची वात एकदा पेटली की तो जाणारच. द्रव इंधनाच्या इंजिनाचा पुरवठा बंद करता येतो. घनरूप इंधन मात्र पेटले की संपेपर्यंत जळत राहते. या प्रक्षेपकात प्रथम पेटतात ते दोन्ही घनइंधन खंडच, आणि ते पेटताक्षणी अग्निबाण जमीन सोडतो. मधल्या टप्प्याची इंजिने त्यानंतर सुमारे ११० सेकंदांनी सुरू होतात. म्हणजे येथे घाटाच्या मध्यावर थांबण्याची सोयच नाही. जी काही शंका घ्यावयाची, जी काही तपासणी करावयाची, ती घाटमाथ्यावरच. याकरिताच उलटी मोजणी असते. पुष्कळांस वाटते की, ती केवळ उत्कंठा वाढविण्यासाठी आहे. तसे नाही. कोणत्या क्षणी कोणते काम पुरे झाले पाहिजे व काय तपासून पाहिले पाहिजे, याची ती क्रमवार यादी होय.

(इ) त्या रात्री काय घडले?

उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी व्हावयाचे होते. त्यापूर्वी २० तास, म्हणजे १४ जुलै रोजी सकाळी ६ वाजून ५१ मिनिटांनी उलटी मोजणी सुरू झाली. इंधने भरण्यात आली. प्रत्यक्ष राष्ट्रपती रामनाथ कोविंद श्रीहरिकोट्यास उपस्थित होते. देशभर लोक जागत बसले होते. मोजणीत ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असता घड्याळ थांबविण्यात आले. प्रक्षेपकात तांत्रिक दोष आढळला असून खबरदारी म्हणून उड्डाण रद्द करीत आहोत, असे इस्रोने जाहीर केले.

येथे क्षणभर थांबून वर्गास विचारावे : देशाचे राष्ट्रपती पाहत आहेत, सारे जग पाहत आहे, अशा वेळी 'थांबा' म्हणणे सोपे असेल काय? प्रस्तावनेतील लग्नाच्या वऱ्हाडाची आठवण मुले आपणहून काढतील.

पुढील आठवडाही तितकाच बोधप्रद आहे. प्रथम शीतटप्प्यातील द्रव्ये काढून घेऊन अग्निबाण निर्धोक करावा लागला. मग तज्ज्ञांनी दोषाचे मूळ शोधून तो दूर केला. १८ जुलै रोजी नवी तारीख जाहीर झाली. २० जुलै रोजी प्रक्षेपणाची रंगीत तालीम पुरी झाली. २१ जुलै रोजी सायंकाळी ६ वाजून ४३ मिनिटांनी पुन्हा २० तासांची मोजणी सुरू झाली आणि २२ जुलै रोजी दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी अग्निबाण उडाला. सुमारे १६ मिनिटांनी त्याने यान कक्षेत सोडले. ती कक्षा ठरविल्यापेक्षा सुमारे सहा हजार किलोमीटर अधिक उंच पोहोचली होती.

तर मग वाया गेलेल्या आठवड्याचे काय? चंद्रावर उतरावयाचे ते तेथे सूर्योदय होत असता. कारण उतरणारे यान सूर्यप्रकाशावर चालणारे होते व तेथे सलग प्रकाश आपल्या सुमारे १४ दिवसांइतकाच मिळतो. त्यामुळे उतरण्याची तिथी फारशी पुढे ढकलणे शक्य नव्हते. शास्त्रज्ञांनी प्रवासाची आखणी बदलली. चंद्राभोवती घालविण्याचे दिवस कमी केले व ५४ दिवसांचा कार्यक्रम ४८ दिवसांत बसविला. थांबल्याने गेलेला वेळ नियोजनाने बराचसा भरून काढता येतो. उडाल्यावर फुटलेला अग्निबाण मात्र भरून काढता येत नाही.

(ई) न थांबल्याचे उदाहरण

ही गोष्ट सांगताना शिक्षकाने स्वर संयत ठेवावा. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानाचे उड्डाण झाले. ते आधी अनेकदा लांबणीवर पडले होते. आदल्या रात्री कडाक्याची थंडी होती. यानाच्या घनइंधन खंडांच्या सांध्यांत रबरी कडी होती. अशा थंडीत ती ताठरतील, म्हणून उड्डाण करू नये, असे काही अभियंत्यांनी आदल्या सायंकाळी बजावले होते. त्यांचे मत बाजूस सारण्यात आले. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचा विध्वंस होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ या शाळाशिक्षिका होत्या. अकरा हजारांहून अधिक अर्जदार शिक्षकांतून त्यांची निवड झाली होती आणि अवकाशातून त्या मुलांना पाठ देणार होत्या. अनेक शाळांतील मुले तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहत होती. शंका घेणारे तेथेही होते. त्यांचे ऐकण्याची तयारी मात्र नव्हती.

(उ) पुढे काय झाले?

हकीकत अर्धी सांगू नये. चांद्रयान-२ चे 'विक्रम' हे उतरणारे यान ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रपृष्ठापासून सुमारे २.१ किलोमीटर उंचीवर असता त्याच्याशी संपर्क तुटला व ते सुखरूप उतरू शकले नाही. उतरणीच्या त्या अखेरच्या मिनिटांत थांबण्यास जागा नसते. परंतु चंद्राभोवती फिरणारे यान उत्तम कार्य करू लागले. त्याचे नियोजित आयुष्य एक वर्षाचे होते; अचूक प्रक्षेपण व काटकसर यांमुळे ते सुमारे सात वर्षांचे होईल, असे इस्रोने त्याच वर्षी सांगितले. विक्रमच्या अपयशाची कारणे शोधून नवे यान सिद्ध झाले. त्याच जातीच्या प्रक्षेपकाने १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेले व २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरले.

उपयोजन (उत्तरे शिक्षकांच्या सोयीसाठी कंसात)

१. घड्याळ थांबविले तेव्हा किती वाजले होते? (१ वाजून ५४ मिनिटे ३६ सेकंद)
२. ठरलेली वेळ व प्रत्यक्ष उड्डाण यांत किती काळ गेला? (७ दिवस ११ तास ५२ मिनिटे)
३. तिन्ही टप्प्यांतील इंधन मिळून किती टन? अग्निबाणाच्या वजनाशी त्याचे शेकडा प्रमाण किती? (५५३ टन, शेकडा सुमारे ८६)
४. अग्निबाणाचे वजन ५० किलोच्या किती पोत्यांइतके? (१२,८००)

फलकलेखन : तपास – शंका – थांबणे – दुरुस्ती – तालीम – उड्डाण.

गृहपाठ : आपल्या घरी कोणकोणत्या कामांत 'आधी तपासावे, मग सुरू करावे' असा नियम पाळतात, ते वडीलधाऱ्यांस विचारून पाच वाक्ये लिहून आणावीत. विहिरीवरची मोटार, ट्रॅक्टर, गॅसची शेगडी अशी उदाहरणे मुले आणतील.

समारोप

शिक्षकबंधुभगिनींनो, या पाठाची खरी परीक्षा उत्तरपत्रिकेत होणार नाही. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी फळ्यावर उदाहरण सोडविताना मध्येच थांबेल व "बाई, माझे चुकले," असे म्हणेल. तेव्हा आपण काय बोलतो, यावर पाठाचे यश अवलंबून आहे. "शाबास, बरे पाहिलेस. कोठे चुकले ते वर्गाला दाखव," एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. आज आपल्या वर्गात निर्भयपणे थांबावयास शिकलेले मूल उद्या एस. टी. चालवील, औषधे देईल, पूल बांधील किंवा कोणी सांगावे, श्रीहरिकोट्याच्या नियंत्रणकक्षातही बसेल. त्या वेळी 'थांबा' म्हणण्याचे धैर्य त्याला ऐनवेळी कोणी देऊ शकणार नाही. ते आपल्या फळ्यापुढेच मिळालेले असले पाहिजे.