स्तनकर्करोगातील शेक, कोलेस्टेरॉलची औषधे आणि आपला गुग्गुळ

प्रास्ताविक

कोराडी येथील आमच्या चिकित्सालयात स्तनकर्करोगाच्या ज्या रुग्णा येतात, त्या बहुधा शस्त्रकर्म आटोपून, नागपुरास शेक, म्हणजेच किरणोपचार, सुरू झाल्यानंतरच येतात. त्वग्दाह, अरुची व दौर्बल्य ही त्यांची मुख्य लक्षणे असतात.

काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेली एक रुग्णा शेकाच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे आली. ग्रंथी-अर्बुदाचा विचार करून आम्ही कांचनार गुग्गुळ योजिला; तथापि चालू औषधांची चौकशी केली नाही. पुढच्या खेपेस तिने सहज सांगितले, की कित्येक वर्षे चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता वैद्यांचे औषध आहे’ म्हणून तिने आपणहून बंद केली. रुग्णेस प्रत्यक्ष अपाय झाल्याचे दिसले नाही. परंतु त्या गोळीचा शेकाशी काही संबंध असू शकतो काय, हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून सिद्ध झाला आहे.

स्टॅटिन औषधांची कार्मुकता

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले. 1987 मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. सिम्व्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन ही त्याच कुळातील औषधे होत.

यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मालिकेतील एका प्रमुख विकराला ही औषधे रोखतात. मात्र त्या मालिकेतून केवळ कोलेस्टेरॉलच निर्माण होत नाही. रास, ऱ्हो इत्यादी प्रथिनांना पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवणारे मेदसदृश घटकही तेथूनच मिळतात. या प्रथिनांकडून मिळणाऱ्या संदेशांमुळे कर्करोगपेशी वाढते आणि किरणांचा आघात सोसून तग धरते. हे घटक कमी पडले तर पेशी किरणांपुढे दुर्बल व्हावी, हा या उपपत्तीचा गाभा होय. सिम्व्हास्टॅटिन मेदात विरघळणारे असल्यामुळे यकृताबाहेरील पेशींतही सहज शिरते. प्रव्हास्टॅटिन जलविद्राव्य असल्याने तितके शिरत नाही. म्हणून सर्व स्टॅटिन एकाच तागडीत तोलू नयेत.

उपलब्ध पुरावा

अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिनमुळे स्तनकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत किरणांना अधिक संवेदी झाल्याचे आढळले. त्याच लेखात दाहयुक्त स्तनकर्करोगाच्या, शस्त्रकर्मानंतर शेक घेतलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. स्टॅटिन घेणाऱ्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण कमी दिसले. परंतु अशा रुग्ण संख्येने थोड्याच होत्या.

डेन्मार्कमधील 18,769 स्त्रियांच्या नोंदींवर आधारित 2011 च्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत शंभरामागे सुमारे दहा पुनरुद्भव कमी आढळले. तो अभ्यास मात्र शेकाच्या परिणामाचा नव्हे, एकूण पुनरुद्भवाचा होता.

हे सर्व आशादायक असले तरी नोंदींचा अभ्यास म्हणजे चाचणी नव्हे. नियमित गोळी घेणारी स्त्री तपासणीस वेळेवर जाते, पथ्य पाळते. लाभ गोळीचा की त्या शिस्तीचा, हे नोंदींवरून उलगडत नाही. म्हणूनच डेन्मार्कमध्ये 2020 मध्ये अटोर्व्हास्टॅटिन व निष्क्रिय गोळी यांची तुलना करणारी मोठी चाचणी हाती घेण्यात आली.

जुन्या, स्वस्त औषधाची परीक्षा कशी करावी, याचा आदर्श आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या नेतृत्वाखाली 11 रुग्णालयांत सुमारे 1,600 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत शस्त्रकर्मापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचले असता पाच वर्षांनंतरचे जीवितप्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. भूल देण्याचे साधे औषध. पण त्याच्यामागे दोन गटांची रीतसर तुलना उभी आहे. शेक व स्टॅटिन यांच्या बाबतीत अशी तुलना होईपर्यंत संयमच श्रेयस्कर.

गुग्गुळाचा विचार

बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे गुग्गुळावर केलेले कार्य आपणांस विदित आहेच. परंतु मेदोधातू म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे आणि गुग्गुळ म्हणजे स्टॅटिनचा पर्याय नव्हे. 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 103 जणांवरील चाचणीत गुग्गुलिपिडने अपायकारक कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, उलट किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. शेक घेतलेल्या त्वचेवर असे पुरळ आले, तर ते किरणांचे की औषधाचे, हे ठरविणे कठीण होते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील 1994 च्या अभ्यासात गुग्गुलिपिडमुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील पातळी घटल्याचे आढळले. सिम्व्हास्टॅटिन व अटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन ज्या विकराकडून होते, त्यास गुग्गुळातील घटक चेतवितात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय गुग्गुळाने स्नायूंचा गंभीर विघटनविकार झाल्याची एक नोंद 2004 मध्ये प्रसिद्ध आहे आणि तोच स्टॅटिनचाही दुर्मिळ परंतु घातक उपद्रव आहे. दोन्ही एकत्र देताना हे ध्यानी असावे.

व्यवहारात काय करावे

1. शेकाचा परिणाम वाढावा या हेतूने स्टॅटिन सुरू करू नये. तितका पुरावा आज नाही.

2. हृदयविकार, मधुमेह वा कोलेस्टेरॉल यांसाठी चालू असलेले स्टॅटिन केवळ शेकामुळे बंद करण्यास सांगू नये. बदल करावयाचा तो ते लिहिणाऱ्या डॉक्टरांनी करावा.

3. शेकाच्या काळात, म्हणजे साधारणतः तीन ते पाच आठवडे, गुग्गुळकल्प स्थगित ठेवावेत. दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी रुग्णेबरोबर किरणोपचार विभागात पाठवावी.

4. स्नायूंत तीव्र वेदना, अशक्तपणा वा गडद रंगाचे मूत्र ही लक्षणे आढळल्यास रुग्णेस त्वरित रुग्णालयात धाडावे.

5. औषध विक्रेत्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना स्टॅटिन देऊ नये. एकाच रुग्णेच्या हाती स्टॅटिन व मेदोहर गुग्गुळ दिसल्यास वैद्यांना कळवावे. लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. त्यांतील मोनाकोलिन-के हे द्रव्य म्हणजे लोव्हास्टॅटिनच होय.

उपसंहार

नव्या संशोधनाचे स्वागत करावे. परंतु रुग्णेच्या देहावर त्याची घाई करू नये. आमच्या त्या रुग्णेला गोळी पुन्हा सुरू करण्याविषयी तिच्या डॉक्टरांकडे पाठविले आणि कांचनार गुग्गुळ आम्ही थांबविला. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर नाडी-जिव्हेच्या आधी एक ओळ छापलेली असते : ‘सध्या चालू असलेली सर्व औषधे’. ती ओळ आपल्याही केसपेपरवर असावी, एवढीच विनंती.