सुईवरचा विश्वास बाटलीवर नको

मला अ‍ॅक्युपंक्चरने आराम पडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी ‘सुयावाले सगळे भोंदू’ असं म्हणणार नाही. मला बाधल्या त्या सुयांबरोबर हातात दिलेल्या काळ्या गोळ्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या ओतूरच्या पट्ट्यात कांद्याची लागवड म्हणजे दिवसभर वाकून काम. कंबर धरली नाही अशी बाई शोधावी लागेल. माझी कंबर नुसती धरली नाही, तर डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट जायला लागला. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. रात्री कूस बदलायची भीती वाटायची. एमआरआयमध्ये कळलं, की मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि नसांसाठीची प्रीगाबालिनची गोळी दिली. त्या गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं, चालताना तोल जायचा. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा कमी केली. ज्यांचं दुखणं नसेचं आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. साध्या दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर फार चालत नाहीत, आणि मेडिकलमधून आपल्याच मनाने आणून महिनोन् महिने घेतल्या तर मूत्रपिंडावर बेततात. आपल्याकडे असं खाणारे घरोघरी आहेत.

जाऊबाईंच्या माहेरचं कुणी सांगितलं म्हणून मी सुया घ्यायला गेले. केसासारख्या बारीक सुया. टोचताना मुंगी चावल्याइतकंही वाटत नाही, नंतर तिथे जडपणा येतो. काही आठवड्यांनी रात्रीची झोप सलग लागायला लागली आणि बांधावरून चालता यायला लागलं. गादी जागेवर गेली असं काही नाही, पण दुखणं सोसवेल इतकं खाली आलं.

ही विद्या आपल्याला अगदी परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्यात पाच डॉक्टर होते. नागपूरचे डॉ. चोळकर त्यातलेच, आणि कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसूही. कोटणीस 1942 मध्ये तिकडेच वारले. बसू परत आले, 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात रुजवलं. महाराष्ट्राने तर त्यासाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला आहे आणि राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. म्हणून सुया देणाऱ्याला परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणं हा आपला हक्क आहे. विचारायला लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्या डोळ्यांसमोर टाकली गेली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ‘ब’सारखे रोग पसरतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल तर आधीच सांगा. छातीवर, खांद्यावर खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. साखरेने पाय बधिर झालेल्या माणसाने तळपायावर सुया आणि शेक घेताना दहादा विचार करावा, कारण भाजलेलं त्याला कळतच नाही.

सुयांनी खरंच फरक पडतो की तो मनाचा खेळ आहे, हे मीही वाचून काढलं. चीनमधल्या सहा रुग्णालयांत गादी सरकून झालेल्या जुनाट सायटिकावर, म्हणजे माझ्यासारख्याच पायात उतरणाऱ्या दुखण्यावर, झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना खऱ्या सुया, काहींना नुसत्या भासाच्या. खऱ्या सुयांनी पायदुखी जास्त उतरली. पण नसांच्या सगळ्याच दुखण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या, कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्याला ठोस म्हणावा असा पुरावा मिळाला नव्हता. म्हणजे माझ्या सायटिकाला उपयोग झाला म्हणून शेजारणीच्या साखरेच्या पायांना होईलच, असं मी तिला सांगू शकत नाही.

आता गोळ्यांचं. सुया देणाऱ्याने एक बाटली दिली. लेबल चिनी अक्षरांत, कंपनीचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. ‘चीनची जडीबुटी आहे, झाडपाल्याला अपाय नसतो,’ असं सांगितलं. सुयांनी झोप मिळाली होती, त्यामुळे माणसावर विश्वास बसला होता. गोळ्यांनी दुखणं एकदम बसलं. भूक खवळली, अंगात हुशारी आली. घरचे म्हणाले, गुण आला. मग चेहरा गोल सुजला, पाय सुजले, आणि आजवर काठावर असलेली साखर पार वर गेली. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन वास घेतला, चेहरा पाहिला आणि सकाळचं कॉर्टिसोल तपासायला पाठवलं. ते अगदी तळाला होतं. बाहेरून स्टेरॉइड जात राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, त्याची ही खूण. ‘झाडपाला’ म्हणून दिलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असणं जगभर वारंवार पकडलं गेलं आहे. आपल्याकडच्या सांधेदुखीच्या पुड्यांतही ते सापडतं.

आणि नुसता झाडपाला असता तरी काय? भीमाशंकरच्या बाजूला हिरडा गोळा करणाऱ्या माणसांना हे कुणी शिकवायला नको. हिरडा औषध आहे, चिनी वैद्यकातही तो वापरतात. पण त्याच रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीचा कंद पोटात गेला तर माणूस जातो. चिनी वैद्यकात दुखण्यासाठी बचनागाच्या जातीची मुळं देतात. ती नीट शिजवली नाहीत, मात्रा चुकली, तर आधी जीभ बधिर होते आणि मग हृदयाचे ठोके बिघडतात. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती आली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. त्या वनस्पतीच्या कुळातली सापसंद आपल्याकडेही उगवते. दुसऱ्या बाजूला, थू योयो यांनी चिनी औषधी वनस्पतीतूनच हिवतापावरचं आर्टेमिसिनिन काढलं आणि 2015 चं नोबेल मिळवलं. पण ते औषध वेगळं काढलं, तोललं, तपासलं, तेव्हा गोळी झालं. माझ्या बाटलीचं यातलं काहीच झालेलं नव्हतं. महाराष्ट्राचा कायदा सुयांना मान्यता देतो. त्याच्या आडोशाने बाटली विकणाऱ्याला तो काहीही मान्यता देत नाही.

म्हणून ज्या बाटलीवर घटक, बनवणारा, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. चार दिवसांत जादू झाली तर आनंद मानण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासा.

सुयांकडे जाण्याआधी दुखण्याचं कारण मात्र कळलेलं असू द्या. हातापायांना मुंग्या येतात म्हणून येणाऱ्या किती जणांची साखर कधी तपासलेलीच नसते. माळकरी घरांत, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-12 कमी असतं. ते भरून काढणं सोपं आणि स्वस्त आहे. कातडीवर फिका, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात करा. तिथे औषध मोफत आहे आणि वेळेत घेतलं तर हातपाय वाचतात. नागीण उठली तर मंत्र आणि गेरू यांत दिवस घालवू नका. 72 तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सुया नाहीत, मालिश नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

ज्यांच्या घरात अशी बाटली आत्ता चालू आहे, त्यांना एक विनंती. हे वाचून ती आज रात्री एकदम बंद करू नका. स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवल्याने रक्तदाब कोसळू शकतो, चक्कर येते, उलट्या होतात, जिवावर बेतू शकतं. मला डॉक्टरांनी ठरावीक मात्रेची गोळी देऊन ती हळूहळू उतरवली. बाटली, उरलेल्या गोळ्या आणि लेबल जसंच्या तसं घेऊन उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, आणि ती केव्हापासून, दिवसाला किती घेता, हे लपवू नका.