सव्वीस जणांची गोष्ट

खऱ्या गुन्ह्यावर बेतलेले चित्रपट आपण आवडीने पाहतो आणि पाहता पाहता नकळत चोराच्या बाजूचे होतो. या कौतुकात विसरले कोण जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘द बँक जॉब’ हा २००८ सालचा ब्रिटिश चित्रपट लंडनमधील बेकर स्ट्रीटच्या बँकचोरीवरून सुचलेला आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये चोरांनी लॉइड्स बँकेजवळचे चामडी वस्तूंचे दुकान घेतले, तेथून सुमारे ४० फूट भुयार खणले आणि शनिवार-रविवारची सुटी साधून ग्राहकांचे लॉकर फोडले.

आपल्या मुंबईत १९ मार्च १९८७ रोजी झालेल्या चोरीला मात्र कुदळही लागली नाही. एक जाहिरात पुरली. मोनसिंग असे नाव सांगणाऱ्या इसमाने दोनच दिवस आधी इंग्रजी वर्तमानपत्रात गुप्तचर व सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांसाठी पदवीधर पाहिजेत, अशी जाहिरात दिली. मुलाखतीचे ठिकाण ताज हॉटेल! आलेल्यांतून त्याने २६ जण निवडले आणि सरावाचा छापा म्हणून त्यांना बसने ऑपेरा हाउसजवळील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेले. तेथे त्याने आपण सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगितले. टेलिफोन बंद झाले. नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरून सील केले गेले. मग तो जो बाहेर पडला तो कायमचाच. ऐवज सुमारे ३० ते ३५ लाखांचा होता. पोलीस आले तेव्हा दुकानात उभे होते ते फक्त नोकरीसाठी आलेले उमेदवार.

ही युक्ती चालली कशी? मला वाटते, येथे दोन पक्ष गप्प राहिले. पेढीवाले सरकारी छाप्याच्या धाकाने आणि उमेदवार नोकरीच्या गरजेने. नेमणुकीचा कागद कोणत्या कचेरीचा, हे विचारले तर हातची जागा जाईल, ही भीती सुशिक्षित बेकाराला चांगली ठाऊक असते.

या प्रकरणावरून नीरज पांडे यांनी २०१३ साली ‘स्पेशल छब्बीस’ हा हिंदी चित्रपट काढला. गंमत अशी, की नाव सव्वीस जणांचे, पण कथा चोराची आणि त्याच्या मागावरील अधिकाऱ्याची. मी चित्रपट पाहिला तेव्हा अक्षयकुमारसाठी टाळ्या वाजविल्या. दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष उमेदवारांकडेच राहिले. त्याला कारण घडले होते.

आमचे गाव सारोळे, पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदीकाठी. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी माझ्या मोबाइलवर सरकारी भरतीची जाहिरात आली. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, आणि नोंदणी फी दोन हजार रुपये. मी अर्ज भरून मोकळा झालो. दादांना दाखविले तर ते म्हणाले, “शिक्का हाय म्हंजी खरंच आसंल. भरून टाक.” दुधाच्या पगारातले पैसे त्यांनी काढून दिले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आमच्या सरांनी ती जाहिरात वाचली आणि एवढेच विचारले, “कचेरीचा पत्ता कुठे आहे रे?” पत्ता नव्हताच. पैसे वाचले, पण लाज वाटली. दादांना वाचता येत नाही. मला तर येत होते.

म्हणून त्या सव्वीस जणांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर त्या बसमध्ये पुढच्याच बाकावर बसलो असतो. आपल्या घरांत छापील अक्षरावर फार विश्वास आहे, आणि त्या विश्वासापायीच आपल्याला येथे शिकायला धाडले आहे. तो राखायचा असेल, तर “पत्ता कुठे आहे?” हा साधा प्रश्न गरजेच्या वेळीही विचारण्याचे धैर्य आपण शिकले पाहिजे. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न येत नाही. पण पदवी हातात पडल्यावर पहिला हाच येणार आहे.