गज हलत होता म्हणे

धुरीवाडा, मालवण

चि. बाय हीस आत्येचे अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी काकू कोल्हापूरचं लग्न आटोपून आली ती थेट माझ्या पडवीत. कौतुकानंच सांगत होती : आपली बाय स्टेजवर, चमचमता पोशाख, उभ्यानं व्हायोलिन! बोलता बोलता म्हणाली, मध्येच बायनं गज खाली घेऊन केस सारखे केले, तरी व्हायोलिन वाजतच होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा मात्र चहा तसाच राहिला. खरं काय गो हे?

लग्नात वाजवलंस म्हणून मी रागावेन असं समजू नकोस. व्हायोलिनवाल्या जोगसाहेबांनी लखनौला शिकवलं, रेडिओची नोकरी केली आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदीलाही बसले. गजाननबुवा जोश्यांनीही आकाशवाणीत नोकरी केली. (बुवा वझेबुवांकडे शिकलेले, आणि वझेबुवा आपल्या सावंतवाडी संस्थानातले; काकूला हे मुद्दाम ऐकवलं.) पोट कुणाला सुटलंय? सिनेमातली गाणी वाजव, वरातीत वाजव. पण वाजव. टेप लावून गज हलवायला तुझ्यासारखी कशाला हवी, तिथे कुणीही उभं राहील! दातार व्हायोलिन घेऊन पलुसकरांच्या साथीला बसत. गवई शब्द कुठे सोडतो, दम कुठे घेतो, ते ऐकून ऐकून गजात उतरतं. नुसत्या हलवण्यानं हात बिघडतो, बाय. तार गजाला अडवते ना, ती अडवणूकच हाताला लागत नाही मग.

फार बोलले. पण मला ठाऊक आहे म्हणून बोलते. रत्नागिरी आकाशवाणीचं ऑडिशनचं पत्र मलाही आलं होतं. घरात कुणी नाही म्हटलं नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. एसटी चुकली असं मी सगळ्यांना सांगितलं. एसटी कुठली चुकते, समोरून गेली. मग व्हायोलिन पेटीत गेलं. आपली ही खारी हवा. पुढच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून बसल्या, सरेस सुटला आणि पाठीचा सांधा उघडला. आत बोट जाईल एवढी फट. अण्णांनी पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून त्या काकूच्या बोलण्यानं जीव खालीवर झाला. पुण्याचं भाडं, शिकवणीच्या मुलांच्या थकलेल्या फिया, सगळं कळतं मला. तिथे मिळालेल्या पैशांनी भाडं गेलं असेल तर गेलं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. रविवारची मुलं मात्र सोडू नकोस. मागे फोनवर एक पोर एकच गंधार परत परत चुकवत होतं आणि तू शांतपणे ‘पुन्हा’ म्हणत होतीस. अण्णाही मला शिकवताना पुन्हा म्हणायचे, पण ओरडून. तू चांगली शिकवतेस गो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

काकूला मी टेपबद्दल अजून काही बोलले नाही, बोलणारही नाही.

आगळ आणि फणसपोळी पाठवते आहे. आगळाची बाटली उभीच ठेव, मागच्या खेपेस गळली होती. भाडं अडलं असेल तर लाजू नकोस, माझी पेन्शन मला पुरून उरते. चतुर्थीला ये. भजनाला वाजवलंस तर सगळ्यांना आनंद होईल, नाही वाजवलंस तरी कुणी विचारणार नाही, मी बघते. व्हायोलिन न घेता आलीस तरी चालेल. पण ये.

तुझी,
आत्ये